एका पडद्याचा खेळ

दगडाला पाठ असते, हे मला नसीम आपांनी शिकवलं.

लातूरला आमचं ऑफिस होतं, मेडिकलच्या क्लासेसच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. खाली शेकडो पोरं बायोलॉजीची उत्तरं पाठ करत असायची आणि वर आम्ही बावीस जण परदेशातल्या व्हिडिओ गेमसाठी संगणकावर दगड, पिंपं, मोडक्या खुर्च्या, गंजलेले कंदील बनवत बसायचो. अमेरिकेत किंवा युरोपात एखादा मोठा गेम तयार होतो तेव्हा त्यात एक अख्खं शहर उभं करायचं असतं. त्या शहरातल्या हजारो वस्तू करायला तिकडची माणसं महाग पडतात, म्हणून ते काम तुकड्यातुकड्यानं आमच्यासारख्या ऑफिसांकडं येतं. गेमचं नाव काय, गोष्ट काय, हे आम्हाला सांगत नसत. यादी यायची, सोबत मापांचा जाडजूड कागद यायचा. बस.

मी नवीन होते. किनवटकडची, हॉस्टेलात राहून शिकलेली, बोलायला घाबरणारी. पहिलं काम म्हणून मला एक दगड मिळाला. कागदात स्पष्ट लिहिलं होतं, की हा दगड रस्त्याच्या कडेला राहील, खेळणाऱ्याला फक्त समोरून दिसेल, मागची बाजू करू नये. मी मागची बाजू कापून टाकली. तेवढ्यात खुर्चीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. आपा. आम्ही बाकी सगळे तिशीच्या आतले, त्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या असतील. सुती सलवार-कमीज, ओढणी डोक्यावरून घेऊन कानामागं खोचलेली, चष्मा दोरीनं गळ्यात लोंबकळणारा.

"मागं काय हाय ह्याच्या?"

"काही नाही, आपा. कागदात लिहिलंय, करू नका म्हणून."

"करू नकोस ना. पण हाय काय?"

त्या हलेनात. शेजारचे दोघं तिघं माझ्याकडं बघायला लागले. शेवटी मी म्हटलं, "शेवाळ असेल. ऊन येत नसेल तिकडं."

"मग ते खालच्या कडेनं जरासं म्होरं आलेलं असंल. लाव."

लावलं. तोवर तो दगड रस्त्यावर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा दिसत होता, आता जमिनीत बसला. आपा पुढच्या खुर्चीकडं गेल्या.

नांदेडच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवली होती. तास कमी होत गेले तसा त्यांच्याकडं रिकामा वेळ वाढत गेला, आणि त्या वेळात भाच्याच्या जुन्या संगणकावर त्या हे काम शिकल्या. इंटरनेटवरचे धडे इंग्रजीत असायचे. त्या आवाज बंद करून बघायच्या. "बोलणं ऐकून गोंधळ व्हायचा. मी नुसता त्याचा हात बघायचे, बाण कुठं जातो ते," असं सांगायच्या. आमचे मालक बालाजी सर शिरूर अनंतपाळचे, पुण्यात काही वर्षं नोकरी करून लातूरला परतलेले. अर्जासोबत आपांनी त्यांना कोळशाच्या इस्त्रीचं मॉडेल पाठवलं होतं. सर सांगायचे, की ते बघून त्यांनी स्क्रीनपासून हात मागं घेतला होता, चटका बसेल म्हणून.

सोमवार ते शुक्रवार त्या लातुरात एका खोलीत राहायच्या. शनिवारी नांदेडची बस, आणि महिन्यातून एकदा पुढं बिलोली, आईकडं.

आपांच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांना चूक दिसली की आवाज खाली यायचा नाही. "हे कुणी केलं?" असं त्या सगळ्या हॉलला विचारायच्या, आणि ज्यानं केलं असेल त्याला उभं राहावं लागायचं. शाळेची सवय. औशाचा सागर हा आमच्यातला सगळ्यांत चपळ हात. त्याचं दोन दिवसांचं काम त्यांनी एकदा सगळ्यांदेखत पुसायला लावलं. त्यानं पुसलं, पण त्या दिवसापासून तो त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा.

गेम खेळण्याची त्यांची तऱ्हा मात्र बघण्यासारखी होती. कुठलाही नवा गेम लावला, की बाण जिकडं जायला सांगतो तिकडं त्या जायच्या नाहीत. आधी जागच्या जागी वळून आपल्या मागं काय आहे ते बघायच्या.

"आपा, मिशन तिकडं हाय," सागर न राहवून म्हणायचा.

"असू दे. मी आत्ताच तर आले."

त्यांची एक वही होती. एका पानावर एक गेम. त्यात गोष्ट नसायची, पात्रांची नावं नसायची. उर्दूत, उजवीकडून डावीकडं, फक्त हातानं काय केलं ते: चाललो, चढलो, ढकललं, थांबलो, परत आलो. एखाद्या पानावर अशी ओळभर क्रियापदं असायची, एखाद्यावर नुसतं एकच, आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं काढलेलं छोटं चित्र.

बुधवारी डबे खाऊन झाले की वाद व्हायचा. सागर पाश्चात्त्य गेमांचा भक्त. "घोड्याचा घाम दाखवलाय हो आपा! चढावर वेगळा, सपाटीवर वेगळा. ह्याच्यापुढं काय पायजे?"

"लई भारी हाय की. मी कुठं न्हाई म्हणते? पण घोड्यावर बसून तू काय केलास? गेलास, पोचलास, माणूस मारलास. आधीच्यात बी तेच केलास. तवा गाडी होती."

एकदा त्यांनी त्याला एका फार जुन्या जपानी गेमपुढं बसवलं. चित्रं अगदीच साधी, चौकोनी. त्याच्या डोळ्यांवर त्यांनी स्वतःचा हात धरला. "बटण दाब. आता जरा दाबून ठेव. आता लगेच सोड." पडद्यावरचा छोटा माणूस उंच उडाला, मग बुटका उडाला. "समजून राहिलं का बोटाला? न बघता? हे ज्यानं केलं त्यानं महिनाभर दुसरं काही केलं नसंल. तिकडचे आधी विचारतात, जग केवढं करायचं. जपानवाले आधी विचारायचे, हात काय करणार. जग मागनं आणायचे."

मी नवी असल्यानं धीर करून विचारलं, "म्हणजे जपानचेच चांगले?"

आपा चिडल्या. "असं लगेच गाठ मारून मोकळं होऊ नये बाई. जपानातल्या बी मोठ्या कंपन्या एकाच गेमचा आठवा भाग, नववा भाग काढून राहिल्या आता. आणि युरोपात तीन पोरं घरात बसून असं काही करून राहिलेत, की मी दोन दिवस जेवले न्हाई धड. देशाचं न्हाई ते. एका गेमात लई पैसा घातला की माणूस भेतो. भेला, की काल जे चाललं तेच परत करतो. तू न्हाई करणार? मी बी करीन."

त्या वर्षी दिवाळीनंतर बालाजी सरांना जपानमधून एक मेल आला. लहान कंपनी, मोठ्या कंपनीच्या पैशावर चालणारी, गेम करणारी माणसं पाच. त्यांच्या मुख्य कलाकाराचं नाव मोरी. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. कुणी न्हाणीघराकडं बोट दाखवायचं, कुणी "मोरीसाहेब तुंबले का?" म्हणायचं. आपांनी दटावलं तेव्हा कुठं थांबलं.

काम द्यायच्या आधी परीक्षा म्हणून त्यांनी तीनच ओळी लिहिल्या होत्या. एक खोली बनवा. त्या खोलीत कुणीतरी वाट बघतंय, पण माणूस दाखवू नका. खेळणाऱ्याला एकच गोष्ट करता यावी.

बालाजी सरांनी मेल खालपर्यंत सरकवला. "बाकीचा कागद कुठाय? मापं कुठायत?"

"न्हाईत मापं," आपा म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी विचारलं होतं, की काय करू या.

त्यांनी बिलोलीचं घर केलं. भिंतीतला कोनाडा, पत्र्याची पेटी, पाण्याची घागर, आणि गल्लीकडच्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा. खेळणाऱ्याला करता यायचं ते एवढंच: बोटानं पडद्याचं टोक उचलून बाहेर बघायचं. सोडलं की पडदा पडायचा. परत उचललं की गल्ली थोडी बदललेली असायची. आधी शेळी, मग सायकलवाला, मग कुणीच नाही, फक्त ऊन पुढं सरकलेलं. मला खेळायला दिलं तेव्हा मी किती वेळा तो पडदा उचलला, मलाच कळलं नाही.

"कुणाची वाट बघतोय आपण?" मी विचारलं.

"माझी अम्मी बघायची, अब्बांची. ट्रकवर होते ते. हैदराबाद, नागपूर. कधी येणार ते सांगून जायचे न्हाईत. मी लहान होते तवा ती दुपारभर खिडकीपाशी असायची."

पडद्याच्या कापडाला त्यांनी तीन आठवडे घेतले. ते जड वाटत नव्हतं, मग फार जड वाटायला लागलं, मग बोट सोडल्यावर पडायला उशीर करायला लागलं. त्याच दिवसांत मोठ्या पाश्चात्त्य कंपनीचं आमचं सगळ्यांत मोठं काम चालू होतं, पडक्या किल्ल्याच्या भिंतींवरची दगडी नक्षी. साठच्या वर पट्ट्या. आपा त्या कामाच्या मुख्य होत्या, पण अर्धं लक्ष पडद्यात. आम्हाला ते दिसत होतं. बोललं कुणीच नाही.

एका गुरुवारी सकाळी त्या नक्षी तपासायला बसल्या. सोमवारी सगळं पाठवायचं होतं. अकराच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. आवाज इतका हळू, की मी घाबरलेच.

"प्रज्ञा, ही वेल बघ. कुठनं उगवली?"

मी बघितलं. सुंदर वेल होती. पानं, कळ्या, मधे पोपट. खांबामागून निघून वर जात होती, वळत होती, आणि परत त्याच खांबात शिरत होती. मूळ कुठंच नव्हतं. त्यांनी दुसरी पट्टी उघडली. तिथंही तसंच. तिसरीत दोन वेली एकमेकींत विरून गेल्या होत्या. मोजल्या तर अशा तीस पट्ट्या निघाल्या.

"हे माणसाच्या हाताचं न्हाई," आपा म्हणाल्या.

त्या कंपनीची अट होती, की एकही वस्तू एआयकडून करून घेतलेली चालणार नाही, आणि तसं कामाच्या मुख्य माणसानं लिहून सही करायची. आपांनी मला लॅपटॉप घेऊन सोबत यायला सांगितलं आणि सरळ बालाजी सरांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिनला काच होती. बाहेर सगळ्यांचे हात थांबलेले मला दिसत होते. सागर मान खाली घालून बसला होता.

"सर, ह्या तीस पट्ट्या कुणी केल्या?"

बालाजी सरांनी लॅपटॉपकडं बघितलंसुद्धा नाही. "आपा, बसा."

"उभीच बरी हाय."

"मी सांगितलं सागरला. त्याचा काही दोष नाही. मशीनकडून काढा, वरून हात फिरवा म्हटलं."

"आणि सही मी करायची."

"सही तेवढी करा. कुणाला कळणार न्हाई."

"मला कळलं की. एका वेलीवरनं."

"आपा, बावीस घरं हाईत ह्या ऑफिसावर!" सरांचा आवाज चढला. "तिकडच्यांनी तीन आठवडे कमी केले मुदतीतून. न्हाई म्हटलं असतं तर काम दुसरीकडं गेलं असतं. मी काय हौसेनं करून राहिलो का हे?"

"माझ्याकडं यायचं होतं. आपण केलं असतं कसं बी."

"तुमच्याकडं?" सर उठून उभे राहिले. "तुम्ही पडदा शिवत बसला होतात की! तीन आठवडे! पोरं दोनदा तुमच्याकडं आली, तुम्ही 'नंतर' म्हणालात. विचारा हिला."

माझ्याकडं बोट होतं. ते खरं होतं. मी स्वतः एकदा सागरबरोबर आपांच्या टेबलापाशी गेले होते, आणि त्यांनी वर न बघता हातानंच थांबवलं होतं. आपांनी माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही बोलता आलं नाही. मी नुसती उभी राहिले.

त्यांना ते पुरलं. चष्मा काढून त्यांनी ओढणीनं पुसला.

"हाव," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं."

चष्मा त्यांनी परत डोळ्यांवर चढवला.

"पण सही मी करणार न्हाई, सर. नक्षी करून देते. सगळी. सात दिवस मागा त्यांच्याकडून."

"काय सांगून मागू? लाईट गेली होती म्हणू? सर्व्हर बंद पडला म्हणू?"

"बघू."

पाच वाजता त्या कंपनीच्या हॅनाबाईंशी व्हिडिओवर बोलणं ठरलेलं होतं. त्यांच्याकडं दुपार असायची. हॅना तिकडच्या कलाविभागाच्या प्रमुख, नीट वागणाऱ्या, पण मुदतीच्या बाबतीत कडक. बालाजी सरांनी सुरुवात केली. तब्येत, हवामान, मग म्हणाले, की गेल्या आठवड्यात आमच्याकडं थोडी तांत्रिक अडचण आली होती. पुढचं वाक्य जुळवायला ते थांबले. आपा आजवर अशा कॉलवर एकदाही बोलल्या नव्हत्या, इंग्रजीची भीती. त्या खुर्ची पुढं ओढून कॅमेऱ्यासमोर आल्या.

"मॅडम. थर्टी पॅनल, मशीन. नॉट हँड. माय टीम, माय मिस्टेक. सेव्हन डेज गिव्ह. वुई मेक. ऑल हँड."

हॅनाबाईंचा चेहरा गोठल्यासारखा झाला. मला वाटलं नेट गेलं. बालाजी सरांनी टेबलाखाली मूठ आवळली होती. काचेपलीकडं सागर उठून उभा राहिला होता. त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण आपा बोलतायत एवढं दिसत होतं. आपलं नाव त्या सांगतायत, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं बॅग उचलून खांद्याला लावली होती.

हॅनाबाई शेवटी म्हणाल्या, की सांगितल्याबद्दल आभारी आहे, हे मला वर कळवावं लागेल, उत्तर उद्या. स्क्रीन काळी झाली.

"संपलं," बालाजी सर म्हणाले. कुणाकडं न बघता ते खाली निघून गेले.

आपा बाहेर आल्या. सागरसमोर थांबल्या. तो म्हणाला, "माझं नाव सांगितलं ना?"

"माझं सांगितलं. बॅग ठेव. पेन्सिल घे."

शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. ऑफिसात कुणी जेवलं नाही धड. आपा मात्र सकाळपासून वेली काढत होत्या, उत्तर काय येईल ते माहीत नसताना, आणि त्यांनी पाच जणांना कामाला लावलं होतं. अडीचच्या सुमारास मेल आला. सात दिवस मंजूर. पुन्हा असं झाल्यास संबंध संपले.

त्या सात दिवसांत आपा सागरच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. त्या आठवड्यात त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. त्याची वेल पूर्ण झाली की त्या एवढंच विचारायच्या, "मूळ?" आणि तो बोटानं दाखवायचा. पाचव्या दिवशी त्यानं न विचारताच दाखवलं. दोघंही हसले. पडद्याची फाईल त्यांनी सात दिवस उघडली नाही. खोली जपानला पाठवायची तारीख निघून गेली.

काम वेळेत गेलं आणि पसंतही पडलं. इथं ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

दीड महिन्यानं हॅनाबाईंचाच एक मेल आला, त्यांच्या खासगी पत्त्यावरून. कंपनीनं तो गेमच बंद केला होता. एवढा खर्च झाल्यावर वरच्या लोकांना वाटायला लागलं होतं, की हा चालला नाही तर काय, आणि त्या भीतीनं त्यांनी तो अर्ध्यावर सोडला. हॅनाबाईंची नोकरी गेली होती. त्यांनी लिहिलं होतं, की तुमची नक्षी मी शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा उघडून बघितली. आमचं शहर, आमचे दगड, त्या वेली, सगळं कुठल्यातरी कपाटात बंद झालं. त्या रस्त्यावरून कुणी खेळणारा कधी चालणार नव्हता.

"एवढं खरं बोलून काय भेटलं?" एक जण मोठ्यानं म्हणाला. सागर नव्हे, दुसरा. आपांनी मान वर केली नाही.

जपानचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. आपांनी खोली उशिरा का होईना पाठवली होती. मोरींनी लिहिलं होतं, की मी दिवसभर पडदा उचलत बसलो, घरी नेऊन बायकोला दाखवला. पण पैसे देणाऱ्या मोठ्या कंपनीनं आता सगळी माणसं एका जुन्या लोकप्रिय गेमच्या पुढच्या भागावर लावली आहेत, आमचा छोटा गेम थांबला आहे, माफ करा. बालाजी सरांनी मराठीत सांगितलं. आपा एकदाच हसल्या. "तिथं बी," म्हणाल्या.

दोन्ही कामं गेली, बावीसचे आठ झालो. आपा गेल्या त्या दिवशी त्यांनी कुणाला पेढे दिले नाहीत, भाषण होऊ दिलं नाही. "मला नांदेडला जायचंच होतं, शाळेत तास भेटून राहिलेत," एवढं तुटक बोलून जिना उतरल्या. खूप दिवसांनी बालाजी सरांनी मला सांगितलं, की राहणाऱ्या आठ जणांत आपांचं नाव पहिलं होतं. त्यांनी ते काढून तिथं सागरचं घालायला लावलं. पोराचा हात आत्ता कुठं बसायला लागलाय, म्हणाल्या. सागरला हे माहीत नाही. आता कळेल.

मी पुढं हैदराबादला नोकरी धरली. वर्षभरानं सुट्टीत नांदेडमार्गे घरी किनवटला निघाले तेव्हा आपांना फोन केला. शाळेला सुट्टी, त्या बिलोलीला आईकडं होत्या. "रस्त्यावरच तर हाय. उतर," म्हणाल्या. उतरले.

घर ओळखायला वेळ लागला नाही. कोनाडा तिथंच होता, खिडकी तिथंच, फक्त पडद्याच्या जागी आता जाळी होती. अम्मी खाटेवर बसल्या होत्या, ऐंशीकडं झुकलेल्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मायलेकी आपसात दखनीत बोलायच्या. अम्मी माझ्यासाठी म्हणून मराठीत सांभाळून बोलायला लागल्या.

चहा झाल्यावर आपांनी फोन काढला. खोली त्यांनी एकटीनं पूर्ण केली होती. ऊन, आवाज, सगळं. फोनवर खेळता येईल असं केलं होतं. अम्मींना अजून दाखवलं नव्हतं. फोनचा उजेड वाढवून त्यांनी तो अम्मींच्या हातात दिला.

"ह्याला काय करायचं?" अम्मींनी विचारलं.

"पडदा उचलायचा, अम्मी. बोटानं. असा."

अम्मींनी उचलला. सोडला. परत उचलला. "ही शेळी कुणाची? आपल्या गल्लीत अशी न्हवती." परत उचलला. हळूहळू त्यांचं बोट झरझर चालायला लागलं, म्हातारीला सांगावं लागेना. आपा त्या बोटाकडं बघत होत्या. मग अम्मींनी फोन मांडीवर ठेवला.

"लई हुबेहूब केलीस. पर हे कुणाची वाट बघून राहिलं?"

"तू बघायचीस ना, अब्बांची."

"तुझ्या अब्बांची?" अम्मी खुदकन हसल्या. "त्यांचा ट्रक नाक्यावरच वाजायचा, साऱ्या बस्तीला कळायचं. त्याच्यासाठी मी पडदा कायकू उचलू?"

अम्मींनी जाळीतून समोर बोट केलं.

"तुझे मोठे चाचा बसायचे ना तिथं समोरच्या ओट्यावर. दिवसभर. गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, सगळ्याची विचारपूस. दुपार कलली की असरच्या नमाजाला उठायचे, तेवढीच गल्ली मोकळी. ते कवा उठतेत ते बघायचे मी. ते उठले की मी निघायचे."

"निघायचीस? कुठं?"

"गंगाबाईकडं. पलीकडच्या गल्लीत. रेडिओ होता तिच्याकडं. दोन गाणी ऐकायची, चहा प्यायची, ते परतायच्या आत घरात."

"मी कधी न्हाई बघितलं तुला जाताना."

"तू मदरशात असायचीस त्या टायमाला. सुट्टीच्या दिवशी तू घरात असलीस, की मग नुसतीच बघायचे. तुला सोडून कसं निघणार? आणि नेलं असतं तर तू चाचांना सांगितलं असतंस."

आपांनी फोनकडं बघितलं. मग खिडकीकडं. त्यांनी आयुष्यभर जे दृश्य उराशी धरलं होतं, ते त्यांनी नेमकं त्याच दिवसांत बघितलं होतं ज्या दिवसांत त्यांच्यामुळं अम्मींना निघता येत नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात आलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी तिथं नसते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"आता हे सगळं चुकलं म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या.

"चुकलं कुठं? अर्धंच केलंस," अम्मी म्हणाल्या. "नुसता पडदा उचलून मी काय करणार? पुढं जाऊ दे की बाईला."

माझ्या बसची वेळ झाली होती. मी उठले. आपा दारापर्यंत आल्या, पण माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. वळून विचारत होत्या, गंगाबाईचं घर कितवं, वळण डाव्या हाताला का उजव्या, मधे गटार होतं का तेव्हा, किती पावलं.

"ते बसून सांगता यायचं न्हाई," अम्मी म्हणाल्या, आणि भिंतीला धरून उठल्या. "चल. दाखवते."

मी गल्लीच्या टोकाला पोचून मागं बघितलं. साडेचार वाजले असतील, पलीकडं असरची अजान चालू होती. समोरच्या ओट्यावर कुणी नव्हतं. अम्मी पुढं चालल्या होत्या, त्यांच्या वयाला शोभणार नाही अशा घाईनं, आणि मागून आपा, ओढणी सावरत, पावलं मोजत. कोपऱ्यावर अम्मी थांबल्या, इकडंतिकडं बघितलं, आणि दोघी वळल्या.